पाच तारे, २०११ सालचे : डोंबिवलीतल्या एका जुन्या एसीचं प्रकरण

“पाच तारे आहेत की याला. मग बदलायचा कशाला?”

आईचा हा प्रश्न एप्रिल २०२४ मधला. डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या बाजूला आमची इमारत आहे. तिसरा मजला, वर गच्ची, आणि आईबाबांच्या खोलीला पश्चिमेची भिंत. खोली बारा बाय अकरा. तिथला दीड टनाचा स्प्लिट एसी २०११ मध्ये घेतलेला, बाबांच्या निवृत्तीच्या पैशांतून. तेव्हा दुकानातला सगळ्यात चांगला म्हणून घेतला होता आणि आईने त्याच्यावरचं तारांकनाचं लेबल कधी काढू दिलं नाही. तेरा वर्षांत ते पिवळं पडलं होतं, पण वाचता येत होतं.

एसी थंड करत नव्हता म्हणून मेकॅनिकला बोलावलं. त्याने गेज लावून पाहिलं आणि सांगितलं, “काका, गॅस कमी आहे. चार्जिंग करून टाकतो, सीझन निघून जाईल.” आदल्या उन्हाळ्यातही हेच वाक्य ऐकलं होतं, आणि तेव्हाही सीझन निघून गेला होता.

गॅस वापरून संपत नाही, हे मला माहीत होतं. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. मी मेकॅनिकला नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावायला सांगितलं. तो थोडा कुरकुरला, पण त्याने केलं. इनडोअरच्या कॉइलला खालच्या वळणावर बारीक बुडबुडे आले. कॉइल बदलायचं तर त्या मॉडेलचं मिळत नव्हतं. ब्रेझिंग करून, म्हणजे धातू वितळवून सांधून, तो एक बिंदू बंद झाला, पण शेजारच्या तांब्यावरही हिरवे डाग होते. “पुढच्या वर्षी दुसरीकडून फुटेल,” असं मेकॅनिकच म्हणाला, आणि त्याचं म्हणणं मला पटलं. तो उन्हाळा काढायचं ठरलं. बदलायचा की नाही हे मात्र मोजून ठरवायचं होतं.

तारे कुठे गेले

आईच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर तिच्या लेबलपासूनच सुरुवात करायला हवी होती. प्लेटवर लिहिलं होतं: थंड करण्याची क्षमता ५,२२५ वॅट, वीज १,६८० वॅट. भागाकार ३.११. यालाच तेव्हा ईईआर म्हणत, म्हणजे एक वॅट वीज घेऊन खोलीतली किती वॅट उष्णता काढली. २०१० मध्ये खोलीच्या एसीवर तारांकन सक्तीचं झालं तेव्हा पाच ताऱ्यांना ३.१० पुरत होते. आमच्या एसीने ते तारे खरोखर मिळवलेले होते.

पण ऊर्जा दक्षता ब्युरोची, म्हणजे बीईईची, ही शिडी दर काही वर्षांनी वर सरकते. २०१४ च्या तक्त्यात ३.१० ला तीन तारे होते. २०१८ मध्ये मोजण्याची पद्धतच बदलली आणि आयएसईईआर हा हंगामी आकडा सगळ्या एसींना लागू झाला. त्यात ३.१० ला एक तारा. १ जुलै २०२२ च्या तक्त्यात स्प्लिट एसीला एका ताऱ्यासाठीच ३.३० लागत होते, पाचासाठी ५.००. दोन्ही आकडे तंतोतंत एकच नाहीत. ईईआर बाहेर ३५ अंश असताना पूर्ण ताकदीवर मोजतात. आयएसईईआरमध्ये २४ ते ४३ अंशांपर्यंतचं बाहेरचं तापमान आणि वर्षाला १,६०० तास धरतात. पण ठरावीक वेगाच्या जुन्या कॉम्प्रेसरच्या बाबतीत दोहोंत फार मोठं अंतर पडत नाही. थोडक्यात, आईचा पाच ताऱ्यांचा एसी जसा दुकानातून आणला तसाच्या तसा आज नवा करून दिला, तरी तो विकायला ठेवता येणार नाही.

हे तिला समजावताना मी शाळेच्या जुन्या गुणपत्रिकेचं उदाहरण दिलं. तिला ते आवडलं नाही. “गुण कमी झाले नाहीत त्याचे, पेपर अवघड झाला,” असं ती म्हणाली. माझ्या उदाहरणापेक्षा हे नेमकं होतं. लेबलवर वैधतेचा काळ छापलेला असतो, तो याचसाठी.

मोजलं ते असं

बहुतेक घरांत एसी बदलताना मोजणं होतच नाही. दुकानदाराच्या “अर्धं बिल येईल” या वाक्यावर निर्णय होतो. म्हणून आम्ही काय केलं ते जरा सविस्तर लिहिते.

पहिलं मोजमाप फुकटचं. घरातलं सगळं बंद केलं, फ्रीजसुद्धा, आणि फक्त एसी चालू ठेवला. जिन्यातल्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, त्याच्या शेजारी आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्स दर युनिट असं छापलेलं आहे. कॉम्प्रेसर चालू असताना मिनिटाला साधारण १०० लुकलुका मोजल्या. तासाला ६,०००, भागिले ३२००, म्हणजे १.८७५ किलोवॅट. प्लेटवर १.६८ होतं. ही वाढ कुठून आली ते आउटडोअर उघडल्यावर दिसलं. पत्र्यांच्या पापुद्र्यांत तेरा वर्षांची धूळ, कबुतरांची पिसं आणि गंज. उष्णता बाहेर फेकता येत नव्हती, म्हणून कॉम्प्रेसरला जास्त दाबावर झगडावं लागत होतं.

दुसरं मोजमाप सोळा अँपिअरच्या मापक प्लगने केलं. गॅस भरून, कॉइल धुऊन झाल्यावर, पंचवीस अंशांवर ठेवून आणि पंखा लावून तेरा रात्री मोजल्या. आठ तासांना सरासरी १०.६ युनिट. तासाला १.३ च्या जरा वर.

तिसरं मोजमाप तासांचं, आणि माझ्या मते तेच सगळ्यांत महत्त्वाचं. आईने कॅलेंडरवर रोज किती वेळ एसी लागला ते लिहिलं, दुधाच्या हिशेबाशेजारी. रोज रात्रीचे आठ आणि दुपारचा एक असे नऊ तास, एप्रिलपासून पाऊस स्थिरावेपर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये. एकूण साधारण १२० दिवस, म्हणजे १,१०० तासांच्या आसपास. लेबलवरचे १,६०० तास आमच्या घराला लागू नव्हते. जुना एसी वर्षाला साडेचौदाशे युनिट खात होता.

युनिट कितीला पडतं

महावितरणच्या २०२४-२५ च्या घरगुती दरपत्रकात पहिल्या शंभर युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि त्यापुढे १६.६४ असा आकार होता. प्रत्येक युनिटावर १.१७ वहन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. बिलाला एकूण युनिटांनी भागून सरासरी दर काढला तर एसीचा हिशेब चुकतो. फ्रीज, पंखे, दिवे, वॉशिंग मशीन हे बाराही महिने चालणारं. ते खालचे टप्पे भरतं. उन्हाळ्यात एसी त्याच्या डोक्यावर बसतो. त्यामुळे एसीचं वाचलेलं युनिट नेहमी सगळ्यांत महागड्या टप्प्यातलं असतं. आमच्या घरी ते शुल्क धरून बहुतेक वेळा १८ रुपयांच्या वर जात होतं. सरासरी दर याच्याहून बराच कमी होता, आणि बाबा त्याच दराने हिशेब करून “फरक पडत नाही” म्हणत होते.

आता तीन तारे की पाच? मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाहिलेल्या दोन यंत्रांचे भाव ३७,००० आणि ४५,५०० होते. लेबलवर वर्षाची युनिटं अनुक्रमे साडेनऊशेच्या वर आणि साडेसातशेच्या जवळ. फरक सव्वादोनशेच्या आसपास. तो १,६०० तासांचा. आमच्या १,१०० तासांना दीडशे युनिटं, म्हणजे वर्षाला साधारण २,७०० रुपये. साडेआठ हजारांचा फरक तीन-सव्वातीन वर्षांत भरून निघतो. म्हणून पाच तारे घेतले. पण आमच्या पाहुण्यांच्या खोलीसारखी, वर्षाला चारशे तास वापरायची खोली असती तर मी तीनच तारे घ्यायला सांगितले असते. तिथे तो फरक भरून यायला आठ-नऊ वर्षं लागली असती आणि तोवर तक्ता पुन्हा बदलला असता.

टनाबद्दल दुकानात बरीच चर्चा झाली. एकशेतीस चौरस फुटांना एक टन पुरेल असं विक्रेता म्हणत होता. मधल्या मजल्यावर पुरलाही असता. आमच्याकडे दिवसभर तापलेली स्लॅब रात्री दहानंतरही उष्णता सोडत असते. छताला हात लावला की कळतं. दीड टनच घेतला, पण “दीड टन” या शब्दावर विसंबून नाही. हिशेबाने दीड टन म्हणजे ५,२७५ वॅट. बाजारात त्याच्या बऱ्याच खालच्या यंत्रांनाही दीड टनच म्हणतात. खरा आकडा लेबलवर वॅटमध्ये असतो, शंभर टक्के आणि पन्नास टक्के भाराचा वेगवेगळा. आम्ही तो पाहून घेतला.

बसवण्याचा दिवस

यंत्र चांगलं निवडलं की काम झालं अशी माझी समजूत होती. बसवायला आलेल्या दिवशी ती गेली.

दुकानाने पाठवलेल्या दोघांनी जुनीच तांब्याची नळी वापरू असं सुचवलं. भिंतीतून गेलेली आहे, चांगली आहे, पैसे वाचतील. पण जुन्या एसीत आर-२२ हा गॅस होता आणि त्याच्यासोबतचं खनिज तेल नळीच्या आतल्या बाजूला चिकटलेलं. नव्या यंत्रात आर-३२. त्याला वेगळ्या जातीचं तेल लागतं, आणि त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त. तेरा वर्षांची, टोकं दोनदा उघडलेली नळी त्या दाबाला लावणं मला धोक्याचं वाटलं. नवी नळी घेतली. भिंतीत नवं भोक पडलं आणि आईच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तिथला रंग दिवाळीतच दिलेला होता.

नळी जोडल्यावर त्यातली हवा आणि दमटपणा व्हॅक्यूम पंपाने काढून टाकायचा असतो. पंप त्यांनी आणलाच नव्हता. आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून त्याच्या दाबाने हवा ढकलू, सगळीकडे तसंच करतो, असं ते म्हणाले. या पद्धतीत ओल नळीत राहते, तेल खराब होतं, आणि कारखान्यातून मापून भरलेला गॅस कमी होतो. वर आर-३२ हा सौम्य ज्वलनशील आहे. तो मुद्दाम खोलीजवळ सोडायचा नसतो. मी नको म्हटलं. बाबा मध्ये पडले: “अहो, पंप आणा, आम्ही थांबतो. जेवून जा हवं तर.” पंप संध्याकाळी पाच वाजता आला. अर्धा तास चालवला, बंद करून काटा हलत नाही हे पाहिलं, मग व्हॉल्व्ह उघडले.

त्या मुलांचा मला राग नाही. त्यांना दिवसाला ठरावीक घरं उरकायची असतात आणि पंपाची पिशवी तिसऱ्या मजल्यावर वाहून नेण्याचे पैसे त्यांना कुणी देत नाही. पण लेबलवरचा ५ चा आकडा प्रयोगशाळेत नीट जोडलेल्या यंत्राचा असतो, हे दुकानाने ग्राहकाला सांगायला हवं.

वायरिंगही बदलावं लागलं. जुन्या सॉकेटची एक पिन काळी पडली होती. मीटरबोर्डापासून वेगळी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी टाकला. यंत्र, नळी, वायर, मजुरी मिळून आणि जुन्याचे एक्स्चेंजचे तीन हजार वजा जाऊन खर्च पन्नास हजारांवर गेला.

जुन्याचं काय झालं

मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ते याच भागात आहे.

एक्स्चेंजवाले जुना एसी काढताना आधी नळ्या कापतात. फुस्स आवाज येतो, मिनिटभरात थांबतो, आणि गॅस गेलेला असतो. आर-२२ ओझोनच्या थराला खातो, म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली तो बाद होत आला आहे. २०२४ च्या शेवटापासून आपल्याकडे नव्या यंत्रांत आर-२२ च्या गटातले गॅस भरायला परवानगी नाही. शिवाय तो हवा तापवतो: एक किलो आर-२२ म्हणजे १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतका.

मी कागदावर गुणाकार केला तेव्हा वाईट वाटलं. आधीच्या दोन उन्हाळ्यांत आमच्या एसीत मिळून दीड किलोच्या आसपास गॅस भरला गेला होता. म्हणजे तेवढा आधी गळला होता. दीड किलोचे २,७०० किलो कार्बन डायऑक्साइड. नव्या एसीमुळे वर्षाला सातशे युनिटं वाचतील असा अंदाज होता. आपल्या कोळशाच्या विजेला युनिटमागे ०.७ किलो धरलं तर वाचतात ४९० किलो. दोन वेळच्या “चार्जिंग”ने जे हवेत गेलं ते भरून काढायला या नव्या पाच ताऱ्यांना साडेपाच वर्षं लागणार. वीज वाचवायच्या गप्पा मारणाऱ्या आमच्या घरात हे दोन वर्षं चाललं होतं आणि आम्ही त्याला दुरुस्ती म्हणत होतो.

उरलेला गॅस तरी जाऊ द्यायचा नव्हता. मेकॅनिकने पंप-डाउन केलं. एसी चालू ठेवून बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करायचा. कॉम्प्रेसर सगळा गॅस ओढून आउटडोअरमध्ये भरतो. काटा शून्याकडे आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून यंत्र थांबवायचं. पाच मिनिटांचं काम. मग दोन्ही व्हॉल्व्हना पितळी टोप्या घट्ट बसवल्या आणि आउटडोअरवर मार्करने “आत गॅस आहे, नळी कापू नये” असं लिहिलं. दुकानदाराला विचारलं, हा पुढे कुठे जातो? २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत एसी येतो आणि नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे तो जायला हवा. त्याने होकार दिला, पण कागद दिला नाही. मी तीन हजारांचं एक्स्चेंज रद्द करून स्वतः पाठवायची तयारी दाखवली, तेव्हा त्याने गोदामातून पुढे पाठवल्याची पावती आठवड्याभराने दिली. ती बिलाच्या फाइलमध्ये लावली आहे.

एक उन्हाळा

एप्रिल २०२५ मध्ये तोच प्लग, तीच खोली, तेच पंचवीस अंश आणि पंखा. आठ तासांना ५.१ युनिट. आधी १०.६ होती. घराचं महिन्याचं बिल ५२० वरून ३४० युनिटांवर आलं. दर दोन्ही वर्षी सारखेच धरले तर त्या एका महिन्यात सुमारे ३,३०० रुपयांचा फरक. मे महिन्याची तुलना मी केली नाही. मे २०२५ मध्ये पाऊस आधीच सुरू झाला आणि २६ तारखेला मोसमी वारे मुंबईत पोहोचले. एसी निम्मे दिवस लागलाच नाही. तो आकडा दाखवला असता तर नव्या यंत्राला पावसाचं श्रेय मिळालं असतं. याच कारणाने गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग द्यायचं काम सोसायटीने मंजूर करूनही आम्ही एप्रिल संपेपर्यंत थांबवलं होतं, म्हणजे दोन गोष्टींचा परिणाम एकात मिसळू नये.

वर्षाचा अंदाज धरला तर खर्च भरून निघायला साडेचार वर्षं लागतील. “दोन वर्षांत पैसे वसूल” असं आम्हाला सांगण्यात आलं होतं, ते आमच्या तासांना खरं नाही.

जूनमध्ये आईची तक्रार आली: “थंड आहे, पण चिकट वाटतंय.” तिचं म्हणणं खरं होतं. नवा एसी इन्व्हर्टरचा आहे; असं यंत्र खोली गार झाली की कॉम्प्रेसर मंद करतं. कॉइल तितकं थंड राहत नाही आणि हवेतलं पाणी कमी काढलं जातं. जुना एसी अडाण्यासारखा पूर्ण जोराने चालायचा, पण कोकणपट्टीच्या हवेत पाणी भरपूर ओढायचा. ड्रेनच्या नळीखाली बादली भरायची. आता दमट रात्री आई आधी तासभर ड्राय मोड लावते आणि इनडोअरचा पंखा कमी वेगावर ठेवते. त्याने बरंच सुधारलं. लेबलवर हे कुठे दिसत नाही, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला विकत घेताना कुणी सांगतही नाही.

नव्या एसीचं लेबलही आईने काढू दिलेलं नाही. फक्त वैधतेच्या तारखेखाली तिने पेनाने रेघ मारली आहे.

ऑक्टोबरमध्ये खालच्या मजल्यावरचे काका वर आले. त्यांचाही एसी आमच्याच साली घेतलेला, त्यालाही पाच तारे, आणि त्यांना मेकॅनिकने गॅस भरायला सांगितलं होतं. कुठला घ्यावा, असं ते विचारत होते. मी म्हटलं, ते नंतर बघू. कॉम्प्रेसर अजून चालतोय ना? चालतोय, म्हणाले. मग तो बंद पडायच्या आत मेकॅनिकला बोलवा, पंप-डाउन तेवढ्यातच होतं. बाबांनी पितळी टोप्यांची जोडी कुठल्या दुकानात मिळते ते त्यांना कागदावर लिहून दिलं.